एलीचे काम

मनुष्याने कोणते काम करावे हा प्रश्न वरवर पाहता पोटाचा आहे. परंतु ज्याच्यावर तो खरोखर येऊन पडतो त्याला लवकरच कळून चुकते, की त्याची मुळे पोटापेक्षा पुष्कळ खोल गेलेली आहेत. 'मी काय करू?' असे विचारता विचारता माणूस 'मी कोण आहे?' या प्रश्नापाशी येऊन थांबतो. अशा वळणावर उभ्या असलेल्या माणसाला सोबत करणारा एक नवा व्यवसाय अलीकडे आपल्याकडेही रुजू लागला आहे. कोणी त्याला करिअर समुपदेशन म्हणतात, कोणी कोचिंग. परीक्षेच्या शिकवणीला आपण जे कोचिंग म्हणतो, ते हे नव्हे. येथे शिकविण्याचा विषय नसतो. नोकरी बदलावी की नाही, गेलेल्या नोकरीचे दुःख कसे पचवावे, पन्नाशीत नवी सुरुवात करता येईल का, अशा पेचात सापडलेल्या माणसाचे मन मोकळे होऊ द्यावयाचे, त्याला त्याच्याच मनाचा ठाव घेऊ द्यावयाचा आणि मग पाऊल उचलण्यास धीर द्यावयाचा, असे या कामाचे स्वरूप आहे.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांना हा प्रकार अनोळखी वाटतो. घरात वडीलधारी माणसे आहेत, देवळात फादर आहेत, मग पैसे मोजून परक्यापुढे मन उघडे कशासाठी करावयाचे, असे ते विचारतात. उलट आपली तरुण मुले म्हणतात, की वडीलधारी माणसे आणि फादर ऐकून घेत नाहीत, निकाल देतात. म्हणूनच परक्याकडे जावे लागते. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे. त्यांच्यातील वाद मिटविण्याचा आमचा हेतू नाही. त्या वादाच्या तळाशी जो नैतिक प्रश्न आहे, तो मात्र आम्हांला वाचकांपुढे मांडावयाचा आहे. दुसऱ्याच्या आयुष्याच्या निर्णयात आपण कोठपर्यंत शिरावे? आणि स्वतःच्या निर्णयात आपण दुसऱ्याला कोठपर्यंत येऊ द्यावे?

हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांना फारसा पडला नसावा. ज्याची वाडी होती तो केळी आणि पानवेल लावी, ज्याची होडी होती तो समुद्रावर जाई. काम जन्माबरोबर येई आणि देहाबरोबर जाई. पुढे रेल्वेने मुंबई जवळ आणली. गिरणी, गोदी, बँक, शाळा, आखाती देश असे मार्ग उघडले. परंतु तेव्हाही एकदा लागलेली नोकरी निवृत्तीपर्यंत टिकणार, हा विश्वास होता. तो विश्वास आमच्या पिढीने डोळ्यांदेखत ढासळताना पाहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यांतील असंख्यांना पुन्हा साच्यावर उभे राहता आले नाही. २०००-०१ मध्ये राष्ट्रीयीकृत बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सुमारे एक लाख कर्मचारी एका वर्षात घरी बसले. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची विमाने थांबली, तेव्हा चांगल्या पगाराची, इस्त्रीच्या गणवेशातील नोकरीदेखील एका रात्रीत जाऊ शकते, हे तरुणांना कळले. आता तर संगणक माणसाच्या हातातील लेखणीचेच काम करू लागला आहे. आज विशीत असलेल्या मुलाला आयुष्यात दोनतीन वेळा तरी नव्याने सुरुवात करावी लागेल, असे समजून चालणे शहाणपणाचे ठरेल.

नोकरी जाते तेव्हा केवळ पगार जात नाही. सकाळी सातच्या गाडीतील नेहमीची जागा जाते, डबा भरण्याची घाई जाते, 'काय करता?' या प्रश्नाचे उत्तर जाते. व्हिएन्नाचे मानसतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी १९३० नंतरच्या मंदीत बेकार तरुणांना तपासले, तेव्हा त्यांना एक विशेष गोष्ट आढळली. हे तरुण मनाशी एक चुकीचे समीकरण मांडून बसले होते : मला काम नाही, म्हणजे माझा उपयोग नाही, माझा उपयोग नाही, म्हणजे माझ्या जगण्याला अर्थ नाही. फ्रँकल यांनी त्यांना वाचनालयात, युवक संघटनांत, प्रौढांच्या वर्गांत विनामूल्य काम करण्यास प्रवृत्त केले. त्यांच्या खिशात एक पैसाही वाढला नाही, पोट पूर्वीइतकेच रिकामे राहिले. तरीही त्यांच्या मनावरील मळभ दूर झाले. याच फ्रँकलना पुढे नाझी छळछावण्यांत दिवस काढावे लागले, आणि तेथूनही ते हाच विचार अधिक पक्का करून परतले. माणसाला भाकरीइतकीच अर्थाचीही भूक असते, हे आपल्याला शुभवर्तमानाने शिकविलेच आहे. एका वैद्याने ते बेकारांच्या रांगेत पडताळून पाहिले.

या सोबतीच्या कामाला पद्धतशीर रूप मिळाले ते अमेरिकेत. फ्रँक पार्सन्स या गृहस्थांनी १९०८ मध्ये बोस्टन शहरात, गरीब वस्तीतील तरुणांसाठी, व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र उघडले. त्यांचे सांगणे तीन पायऱ्यांचे होते : स्वतःला ओळख, कामाच्या जगाची माहिती करून घे, आणि मग दोहोंचा मेळ नीट विचार करून घाल. निर्णय मात्र ज्याचा त्यानेच करावयाचा, दुसऱ्याने नव्हे, हा त्यांचा कटाक्ष होता. त्यांच्यानंतर आलेल्या कार्ल रॉजर्स यांनी १९४२ मध्ये एक पुस्तक लिहून त्याच कटाक्षाला मानसोपचाराचा पाया केले. सल्ला देण्याची घाई करू नका, माणसाला न्यायाधीशाच्या नजरेने पाहू नका, त्याचे म्हणणे त्याच्या जागी उभे राहून ऐका, मग त्याचा मार्ग त्याला दिसू लागेल, असे ते सांगत. त्यांनी स्वतः आधी शेतीचे शिक्षण घेण्यास प्रारंभ केला होता. नंतर धर्मसेवक होण्यासाठी ते ईशज्ञानाच्या विद्यालयात गेले. तेथून मानसशास्त्राकडे वळले. दोन वाटा सोडलेल्या माणसाने वाट शोधणाऱ्यांसाठी हे शास्त्र उभारले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. विल्यम ब्रिजेस यांनी १९८० मध्ये आणखी एक भर घातली. प्रत्येक स्थित्यंतराची सुरुवात एका शेवटाने होते, त्यानंतर एक ओसाड मधला काळ येतो, आणि मगच नवे काही उगवते, असे त्यांनी दाखविले. मिसर देश सुटला आणि वचनदत्त भूमी अजून लाभली नाही, अशा चाळीस वर्षांच्या वाळवंटाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो मधला काळ आपल्याला परका वाटू नये.

हे सर्व आधुनिक आहे, परंतु ख्रिस्तसभेला सर्वस्वी नवे नाही. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफेचा गोळा लागून एका तिशीच्या सरदाराचा पाय मोडला, आणि त्या पायाबरोबर त्याची कारकीर्दही मोडली. अंथरुणावर पडल्या पडल्या इग्नेशियस लोयोला यांना हवी होती शौर्याची पुस्तके. घरात सापडली ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. कधी ते दरबारी पराक्रमाची स्वप्ने पाहत, कधी संतांसारखे जगण्याची. पाहता पाहता त्यांच्या ध्यानात एक बारीक फरक आला. पहिल्या स्वप्नात रमताना गोडी वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. दुसऱ्या स्वप्नानंतर मात्र मागे राहणारी शांती टिकून राही. या एका निरीक्षणातून त्यांची निर्णयाची सारी साधना वाढली. तरीही वाट सरळ सापडली नाही. जेरुसलेममध्ये आयुष्य घालवावे म्हणून ते १५२३ मध्ये तेथे गेले आणि तेथील अधिकाऱ्यांनी त्यांना परत पाठविले. मग तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास ते बार्सिलोनात लॅटिनचे पहिले धडे गिरवू लागले. वयाच्या पस्तिशीत किंवा चाळिशीत पुन्हा वर्गात बसण्याची ज्यांना लाज वाटते, त्यांनी ही गोष्ट आठवावी.

इग्नेशियस यांच्या साधनेचे पुस्तक १५४८ मध्ये छापले गेले. त्यात साधना देणाऱ्या गुरूला एक सूचना आहे, ती आजच्या समुपदेशकांनी आणि आम्हां धर्मगुरूंनीही पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. साधक जेव्हा आयुष्याची निवड करीत असतो तेव्हा गुरूने त्याला या बाजूस किंवा त्या बाजूस झुकवू नये, मठवासाच्या बाजूसदेखील नव्हे. तराजूच्या काट्याप्रमाणे मधोमध राहावे आणि निर्मात्याला त्याच्या निर्मितीशी थेट बोलू द्यावे, असा तिचा आशय आहे. धर्मसंघाची स्थापना करणाऱ्या माणसाने धर्मसंघाच्या बाजूनेही काटा ढळू देऊ नये असे सांगावे, यात किती मोठी निरपेक्षता आहे! त्याच पुस्तकात निर्णय घेणाऱ्यासाठीही काही साधने दिलेली आहेत. दोन्ही बाजूंचे लाभ आणि तोटे वेगवेगळे मांडून पाहावेत. आपल्याच पेचात सापडलेला एखादा अनोळखी माणूस समोर आहे असे कल्पून, त्याला आपण काय सांगू ते ठरवावे. मृत्युशय्येवर असताना आपण कोणता निर्णय घेतलेला आपल्याला आवडेल, याचा विचार करावा. आणि मन अंधारात असताना, उजेडात केलेला निश्चय बदलू नये. या शेवटच्या सूचनेचे मोल साहेबाशी भांडण झाल्यावर त्याच संध्याकाळी राजीनामा लिहावयास बसणाऱ्याला विशेष कळेल.

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्याच्या निर्णयाच्या बाबतीत दोन प्रकारे अन्याय होऊ शकतो, असे आम्हांस वाटते. पहिला प्रकार आपल्या घरांत जुना आहे. मुलाने काय व्हावे हे बाप ठरवितो, मुलीने कोठे नोकरी करावी हे काका आणि मामा ठरवितात, आणि अडले तर फादरांच्या शब्दाचे वजन त्यात टाकले जाते. हेतू वाईट नसतो. ज्याने मिठागरावर पाय भाजले, त्याला मुलाचे पाय सावलीत असावेत असे वाटणारच. परंतु ज्याचे आयुष्य त्याच्याऐवजी दुसऱ्याने निवडले, तो त्या आयुष्याचा जबाबदार धनी होत नाही. तो भाडेकरू म्हणून त्यात राहतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सदसद्विवेकबुद्धीला मनुष्याच्या अंतर्यामीचे गुप्त गर्भगृह मानले आहे. तेथे तो देवाबरोबर एकटा असतो. त्या गर्भगृहात प्रेमाच्या नावाखालीसुद्धा घुसण्याचा अधिकार कोणाला नाही, आईबापांना नाही आणि धर्मगुरूलाही नाही.

दुसरा प्रकार नवा आहे, आणि तो नव्या व्यवसायाच्या आडून येतो. 'तुझे मन काय म्हणते तेच खरे, बाकी सारी ओझी आहेत' असे जेव्हा समुपदेशक सुचवू लागतो, तेव्हा तो काटा मधोमध ठेवीत नाही. तो दुसऱ्याच पारड्यात हात ठेवतो. समजा, जहाजावर नोकरी करणारा एक गृहस्थ आहे. वर्षातले आठनऊ महिने समुद्रावर, उरलेले घरी. आता त्याला नोकरी सोडून वडिलांच्या वाडीत नर्सरी काढावयाची आहे. घरी कर्ज आहे, धाकटी मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे, पत्नीने इतकी वर्षे घर एकटीने सांभाळले आहे. या गृहस्थाची इच्छा ही ऐकण्याजोगी गोष्ट आहेच; ती कदाचित देवाची हाकही असेल. पण पत्नीचा थकवा ही हाक नव्हे काय? मुलीचे अर्धे राहिलेले शिक्षण ही हाक नव्हे काय? केवळ त्याच्या आवडीनिवडींच्या चाचण्या घेऊन त्याला 'झेप घे' म्हणणारा, आणि केवळ कर्जाचा आकडा दाखवून 'गप्प बस' म्हणणारा, हे दोघेही त्याचे अर्धेच ऐकतात. त्याने ही नर्सरी दोन वर्षांनी काढावी, आज काढावी, की काढूच नये, हे त्याने आणि त्याच्या पत्नीने मिळून, सारे आवाज ऐकून ठरविले पाहिजे. स्वातंत्र्य म्हणजे बंधनांचा अभाव नव्हे. आपली बंधने कोणती, ती कोणी घातली आणि त्यांतील कोणती आपण प्रेमाने स्वीकारली आहेत, हे डोळे उघडे ठेवून ओळखणे हाही स्वातंत्र्याचाच भाग आहे.

मग समुपदेशकाने नेमके काय करावे? याचे उत्तर आम्हांला जुन्या करारातील एका रात्रीच्या प्रसंगात सापडते. बाळ शमुवेल मंदिरात झोपला आहे. त्याला हाक ऐकू येते. ती एलीची आहे असे समजून तो वृद्ध याजकाकडे धावतो. एली म्हणतो, मी हाक मारली नाही, जाऊन झोप. असे तीनदा घडते. तिसऱ्या वेळी एलीच्या ध्यानात येते की पोराला देव हाक मारीत आहे. येथे एली दोन गोष्टी करतो, आणि दोन्ही मोठ्या आहेत. हाक आपली नाही, हे तो प्रांजळपणे सांगतो. मुलाच्या श्रद्धेचा लाभ घेऊन तो आपली आज्ञा देवाची म्हणून खपवीत नाही. आणि मुलाला तो ऐकण्याची रीत शिकवून पुन्हा त्याच्याच अंथरुणाकडे पाठवितो. तो त्याच्याबरोबर जात नाही, दाराआड उभा राहत नाही.

हा एली काही आदर्श पुरुष नव्हता. त्याची दृष्टी मंद झाली होती, स्वतःचे मुलगे त्याला आवरता आले नव्हते. सोबत करणारा माणूस स्वतः परिपूर्ण असावाच लागतो असे नाही, हा एक दिलासा या कथेत आहे. परंतु कथेचा खरा कस सकाळी लागतो. रात्री शमुवेलाने जे ऐकले ते एलीच्याच घराण्याविरुद्धचा निकाल होता. मुलगा सांगावयास भितो. एली त्याला काहीही न लपविता सांगावयास लावतो, आणि ऐकल्यावर ते देवाचे म्हणून मान्य करतो. आम्हांला वाटते की उत्तम समुपदेशकाची, उत्तम आईबापांची आणि उत्तम धर्मगुरूचीही हीच कसोटी आहे. आपण ज्याला ऐकावयास शिकविले, त्याने ऐकलेले उत्तर आपल्या इच्छेविरुद्ध निघाले तर आपण काय करतो? मुलगा बापाचे दुकान नको म्हणतो. मुलगी परदेशी न जाता गावच्या शाळेत शिकवीन म्हणते. सेमिनरीत गेलेला तरुण तीन वर्षांनी घरी परततो आणि आईला लोकांत तोंड दाखविणे कठीण होते. अशा वेळी ज्याच्या तोंडून 'तुला जे ऐकू आले ते मला सांग, लपवू नकोस' हे शब्द निघतात, तोच एलीच्या जागी बसण्यास योग्य.

या व्यवसायाच्या काही मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. ज्याची झोप उडाली आहे, अन्न तुटले आहे, ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे. करिअरची चर्चा नंतर. आपल्या देशात चिकित्सा करणाऱ्या मानसतज्ज्ञाला नोंदणीची अट आहे, परंतु 'कोच' अशी पाटी थोड्या दिवसांच्या शिक्षणावरही लावली जाते; तेव्हा पैसे देण्यापूर्वी त्या व्यक्तीचे शिक्षण आणि अनुभव विचारून घेण्यात संकोच नसावा.

याहून मोठी मर्यादा न्यायाची आहे. काही कंपन्या माणसे कमी करताना त्यांच्यासाठी समुपदेशकही नेमतात. ही सोय कृपेची असू शकते. पण अन्यायाने काढलेल्या कामगाराला 'बदल स्वीकारा' असा मंत्र देऊन घरी पाठविणे, ही जखम न पाहता केलेली मलमपट्टी आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या आपल्या कामगारविषयक परिपत्रकात, काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे, हे तत्त्व ठामपणे मांडले आणि कामगारांच्या संघटित होण्याच्या हक्काचा पुरस्कार केला. म्हणून एखाद्याचे दुःख त्याच्या मनातील आहे की त्याच्यावर झालेल्या अन्यायाचे आहे, हे समुपदेशकाने ओळखावे. पहिल्या दुःखाला ऐकणारा हवा. दुसऱ्याला ऐकणाऱ्याबरोबर वकील आणि युनियनही हवी.

शिवाय प्रत्येक वळण निवडीचे असतेच असे नाही. संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव भारताच्या मोहिमेसाठी आधी ठरलेले नव्हते. ज्यांना पाठवावयाचे होते ते बोबादिया आजारी पडले, आणि १५४० मध्ये ऐनवेळी झेवियर यांना निघावे लागले. पॅरिसमध्ये तत्त्वज्ञान शिकविणारा आणि आपल्या प्रांतात मानाच्या पदाची आशा बाळगणारा हा प्राध्यापक ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरला. दुसऱ्याच्या जागी गेलेल्या माणसाचे ते काम त्याचे स्वतःचे कसे झाले, हे आपण सारे जाणतो. जे निवडता आले नाही तेही मनापासून आपलेसे करता येते.

आपल्या धर्मग्रामांत हे काम कसे करता येईल? ज्यांना परवडते त्यांनी जाणत्या समुपदेशकाकडे जरूर जावे. त्यात कमीपणा नाही आणि श्रद्धेची उणीवही नाही. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी आपल्यातच पुष्कळ साठा आहे. निवृत्त शिक्षिका आहेत, स्वेच्छानिवृत्ती घेऊन पुन्हा उभे राहिलेले बँकेतील लोक आहेत, आखातातून परतून रिक्षा चालविणारे आणि समाधानी असणारे आहेत. महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर अशा दोघातिघांनी शाळेच्या एखाद्या खोलीत बसावे आणि ज्याचे काम सुटले आहे त्याचे ऐकावे. नियम एकच असावा : पहिला तासभर कोणी सल्ला देऊ नये. घरीही हाच नियम चालेल. निकालाच्या दिवशी, राजीनाम्याच्या दिवशी, परदेशाचा व्हिसा नाकारला गेल्याच्या दिवशी, 'आता काय करणार?' असे विचारण्यापूर्वी जेवावयास वाढावे आणि शेजारी बसावे. मग त्याला बोलावेसे वाटेल तेव्हा तो बोलेल, आणि आपण ऐकू.